पाय मोडला तर पाणी कोण भरेल?

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचं हे लिखित रूप)



मागच्या आषाढात गोठ्याच्या उंबऱ्यावर माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाय जमिनीला टेकायचा नाही, असं बजावलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी हळहळायची आणि जाताना म्हणायची, "चला, या निमित्तानं तरी तुम्हाला विसावा मिळाला." मुलानं वाचनालयातून पुस्तकं आणून दिली. आठ दिवसांत ती वाचून संपली. मग मी दूध डेअरीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं काढली आणि आजोळच्या आठवणी लिहायला बसले. तीस वर्षं त्या मनात होत्या, पण कागदावर एक ओळ उतरली नव्हती.

एका संध्याकाळी नातवंडांना त्यातलं वाचून दाखवत होते. सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. हाताला भाकरीचं पीठ. वाचून झाल्यावर म्हणाली, "आत्या, छान लिहिलंय. पण माझा पाय मोडला, तर लिहायचं राहू द्या, पाणी कोण भरेल?"

ती भांडायला म्हणाली नव्हती, तिनं खरंच विचारलं होतं. मला काही उत्तर देता आलं नाही. दुखण्यात पडल्यावर ज्या बायकांनी लिहिलं, त्यांचं मोठं कौतुक मी आजवर वाचलं होतं. पण त्यांच्या घरी पाणी कोण भरत होतं, हे कधी पाहिलं नव्हतं. म्हणून ती पुस्तकं पुन्हा काढली. आज तेच सांगणार आहे. त्यासाठी दोनशे वर्षं मागे, इंग्लंडात जाऊ या.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला नॉरफोक नावाचा परगणा आहे. तिथल्या ग्रेट यारमथ या बंदराच्या गावी ३० मार्च १८२० रोजी अ‍ॅना स्यूएल जन्मली. घर क्वेकर पंथाचं. साधं राहायचं, खोटं बोलायचं नाही, कुणावर हात उगारायचा नाही, अशी या पंथाची शिकवण. वडिलांचा धंदा बुडाला, घरात चणचण आली. आई मेरी मुलांना घरीच शिकवायची. शिकवायला पुस्तकं हवीत आणि पैसे नाहीत, तेव्हा तिनं स्वतःच लहान मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं आणि त्याच्या पैशांत आपल्या मुलांसाठी पुस्तकं घेतली. या आईला लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

अ‍ॅना चौदा वर्षांची असताना एकदा पावसात शाळेतून घरी येत होती. पाय घसरून पडली आणि दोन्ही घोटे दुखावले. आता ही साल बघा, १८३४ च्या आसपासची. हाडाच्या आत काय झालंय ते दाखवणाऱ्या क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. माझ्या पायाला घातलं तसलं प्लास्टर डॉक्टर वापरायला लागले १८५० नंतर. त्या मुलीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. उपचार झाले, हवापालट झाला, पण घोटे पुन्हा धड झाले नाहीत. त्यानंतर जन्मभर तिला फार वेळ उभं राहता आलं नाही की लांब चालता आलं नाही. काही दिवस बरे जायचे, काही दिवस अंथरुणातून उठवायचं नाही.

मग तिचे पाय झाले घोडे. तेव्हा इंग्लंडात आगगाडी नुकती धावायला लागली होती, पण घरापासून स्टेशनापर्यंत जायला घोडागाडीच लागायची. वडिलांना स्टेशनावर सोडायचं आणि परत आणायचं काम अ‍ॅनानं उचललं. चालता न येणारी ही मुलगी गाडी मात्र उत्तम हाकायची. लगाम सैल सोडून घोड्याशी बोलत बोलत जायची, असं तिला ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलंय. रोज घोड्याच्या मागं बसून तिनं काय काय पाहिलं असेल! कुठला घोडा कसा दमतो, चढावर मान कशी खाली घालतो, मालक बदलला की कसा बुजतो. बैलामागं आयुष्य काढलेल्या माणसाला जे कळतं, तेच तिला घोड्याचं कळत गेलं.

आता एक हिशेब करू. चौदाव्या वर्षी ती पडली. पुस्तक लिहायला घेतलं १८७१ साली, म्हणजे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. मधे सदतीस वर्षं गेली. लोक गोष्ट अशी सांगतात, की बिचारीचा पाय अधू झाला आणि म्हणून ती लेखिका झाली. जणू पाय मोडला की दुसऱ्या दिवशी लेखणी हातात येते. तसं काही होत नसतं.

त्या सदतीस वर्षांत ती रिकामी बसली नव्हती. ब्रिस्टलजवळच्या विक या गावी असताना मायलेकींनी कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. दिवसभर राबून आलेल्या गड्यांना अ‍ॅना शिकवायची. याच काळात, साठीच्या घरात आल्यावर, आई मेरी साध्या माणसांसाठी साध्या भाषेत पदं लिहायला लागली. तिचं १८६० सालचं एक कथापद इंग्लंडात घरोघरी पोचलं, त्याच्या लाखो प्रती खपल्या. आईनं लिहिलेलं पहिल्यांदा ऐकायची अ‍ॅना. कुठला शब्द जड झाला, कुठली ओळ उगाच आली, हे ती स्पष्ट सांगायची आणि आई ते मानायची. स्वतः पुस्तक लिहायच्या आधी तिनं दुसऱ्याच्या लिखाणातलं तण काढायचं काम वर्षानुवर्षं केलं होतं. पुढं कामाला आलं ते हेच.

१८६७ साली हे कुटुंब नॉर्विच शहराजवळच्या ओल्ड कॅटन गावी राहायला गेलं. अ‍ॅनाची तब्येत आता फारच खालावली होती. घराबाहेर पडणं जवळजवळ बंद, दिवसचे दिवस कोचावर पडून. अशा अवस्थेत तिनं एका घोड्याचं चरित्र लिहायला घेतलं. तेही घोड्याच्याच तोंडून. पुस्तकाचं नाव ‘ब्लॅक ब्यूटी’. तुमच्यापैकी कुणाच्या मुलांनी शाळेच्या कपाटातून ते आणलंही असेल, मराठीतही ते आलेलं आहे.

लिहिलं कसं, ते नीट ऐका. बसवत असेल त्या दिवशी ती पेन्सिलीनं कागदाच्या तुकड्यांवर चार ओळी लिहायची. हात चालत नसेल त्या दिवशी पडल्या पडल्या सांगायची. ते तुकडे गोळा करायचे, सांगितलेलं उतरवून घ्यायचं आणि सगळं स्वच्छ अक्षरात लिहून काढायचं हे काम केलं आईनं. लिखाण सुरू झालं तेव्हा मेरीचं वय होतं चौऱ्याहत्तर. संपलं तेव्हा ऐंशी. म्हणजे पन्नाशीच्या लेकीचं पुस्तक ऐंशीच्या आईनं उतरवलं. मधे काही वर्षं काम थांबल्यासारखंच होतं, अंगात ताकद नव्हती. १८७६ च्या अखेरीस त्याला पुन्हा गती आली आणि नोव्हेंबर १८७७ मध्ये नॉर्विचच्या जॅरोल्ड या प्रकाशकानं पुस्तक छापलं.

पुस्तकात छोटी छोटी एकोणपन्नास प्रकरणं आहेत. बरीचशी तीन-चार पानांची. मला वाटतं, दुखणाईत बाईच्या अंगात एका बैठकीला जेवढं बळ असतं, तेवढंच एकेक प्रकरण झालं असावं. वाक्यंही तशीच, श्वासाच्या मापाची. लहान मुलांचं म्हणून आपण ते वाचतो, पण अ‍ॅनानं लिहिलं होतं घोडे सांभाळणाऱ्या माणसांसाठी. मोतद्दार, टांगेवाले, गाडीवान. त्यांना वाचता यावं, वाचून दाखवलं तर कळावं, म्हणून भाषा साधी. कामगारांच्या वर्गाला शिकवत होती ना, तीच भाषा.

त्यात एका वादीची गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्या काळी श्रीमंतांच्या गाडीचे घोडे रुबाबदार दिसावेत म्हणून त्यांच्या लगामाला आणखी एक वादी लावायचे आणि मान वर ओढून बांधायचे. घोडा मान खाली घालूच शकायचा नाही. चढावर ओझं ओढताना कुठलंही जनावर मान खाली घालून अंगाचा जोर लावतं. ऊस घेऊन कारखान्याला निघालेली बैलजोडी चढाला लागलेली तुम्ही पाहिली असेल, म्हणजे वेगळं सांगायला नको. मान वर बांधलेल्या घोड्याला तेवढीही मुभा नाही. मान आखडायची, श्वास कोंडायचा आणि घोडा अकाली निकामी व्हायचा. कशासाठी, तर मालकिणीची गाडी झोकात दिसावी म्हणून.

पुस्तकात जिंजर नावाची एक घोडी आहे. या वादीपायी आणि मारापायी बिघडलेली. ती हातोहात विकली जाते आणि शेवटी लंडनच्या भाड्याच्या गाडीला जुंपून मरते. आणि सॅम नावाचा एक गाडीवान आहे. त्याची गाडीही भाड्याची, घोडेही भाड्याचे. रोजचं भाडं मालकाला चुकवायचं आणि उरलं तर घर चालवायचं. तो विचारतो, घोड्याला विश्रांती दिली तर माझी पोरं खातील काय? अ‍ॅना नुसत्या गाडीवानाला दोष देत नाही. घोड्याला मारणाऱ्या हातावरही कुणाचा तरी चाबूक असतो, हे तिला दिसलं होतं. आज रोजच्या भाड्यावर रिक्षा चालवणाऱ्या घरातल्या बाईला हे लगेच पटेल.

पुस्तक आलं आणि पाच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी अ‍ॅना गेली. तिचं आयुष्यातलं हे एकच पुस्तक. असं सांगतात, की अंत्ययात्रेच्या गाड्या दारात आल्या तेव्हा घोड्यांच्या माना वर बांधलेल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या मेरीनं ते पाहिलं आणि वाद्या सोडायला लावल्या, मगच यात्रा निघाली. पुढं १८९० साली अमेरिकेत जॉर्ज एंजेल यांच्या प्राणिदया संस्थेनं पुस्तक छापून गाडीवानांत आणि तबेल्यांत वाटलं. मान ओढून बांधायच्या रीतीविरुद्ध लोकमत तयार व्हायला या पुस्तकाची मोठी मदत झाली. आजवर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या आहेत.

आता सूनबाईचा प्रश्न अ‍ॅनाला विचारू. बाई गं, तुझं पाणी कोणी भरलं? तिचं चालणं घोड्यांनी केलं, तिचं लिहिणं आईनं केलं. तिच्या डोक्यात पुस्तक होतं, आणि शेजारी बसून ते उतरवून घेणारं माणूस होतं. दुसरं नसतं तर पहिलं तिच्याबरोबरच गेलं असतं.

आता दुसरी बाई. ही अमेरिकेच्या अ‍ॅटलांटा शहरातली, मार्गारेट मिचेल. वर्तमानपत्रात काम करायची. १९२६ साली घोट्याच्या दुखण्यानं तिला नोकरी सोडून घरी बसावं लागलं. नवरा जॉन मार्श तिच्यासाठी वाचनालयातून पुस्तकांचे भारे आणायचा. आणून आणून कंटाळला आणि म्हणाला, आता तूच एक लिही. तिला टाइपरायटरही आणून दिला. तिनं शेवटचं प्रकरण आधी लिहिलं. लिहिलेली प्रकरणं मोठाल्या पाकिटांत घालून घरभर ठेवायची. १९३६ साली पुस्तक आलं, ‘गॉन विथ द विंड’. दुसऱ्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यावरचा सिनेमा तर जगभर गाजला.

ही गोष्ट सांगताना टाइपरायटर आणणाऱ्या नवऱ्याचं कौतुक सगळे करतात. करावंच. पण त्या घरी स्वयंपाकपाण्याला एक कृष्णवर्णीय बाई येत असे. मालकीण लिहीत होती तेव्हा चूल ती सांभाळत होती. आणि मालकिणीनं लिहिलं काय? अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या जमीनदारांच्या वैभवाची गोष्ट. ज्या गुलामांच्या घामावर ते वैभव उभं होतं, त्यांचं दुःख त्यात झाकून टाकलंय, अशी टीका त्या पुस्तकावर आजही होते, आणि ती खरी आहे. ज्यांच्या हातांमुळे तिला लिहायला वेळ मिळाला, त्यांच्याच आजी-पणजीची गोष्ट पुस्तकात धड आली नाही. हे वाचलं आणि मला माझी डेअरीची वही आठवली. मी आजोळचा वाडा लिहिला, आमराई लिहिली, मामाची बैलजोडी लिहिली. त्या सहा आठवड्यांत माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या आणून ठेवणारी मात्र वहीत कुठंच नव्हती.

आपल्याकडं काय झालं? जळगावजवळ असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी तुम्हाला माहीतच आहेत. त्यांचं हाड मोडलं नव्हतं, पण विसावा त्यांनाही कधी मिळाला नाही. अक्षरओळख नव्हती. गाणी सुचायची ती जात्यावर, शेतात, कामाच्या धबडग्यात. मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी ती उतरवून घेतली म्हणून राहिली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपानं आली. जी कुणी लिहून घेतली नाहीत, ती जात्याच्या पाळीबरोबर दळली गेली. ओल्ड कॅटनची ऐंशीची आई आणि खानदेशातला मुलगा, दोघांनी एकच काम केलं.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर ऐन तरुणपणी लुळं पडलं. पुढं त्यांनी नोकरी केली, अपंगांसाठी मोठी संस्था उभी केली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिलं. आपल्यासारखी माणसं खोलीत बंद राहू नयेत, त्यांना शिक्षण, काम, आधार मिळावा, याच्यासाठी त्या झटल्या. नुसता धीर देऊन भागत नाही. जिना चढवायला माणूस लागतं, नाहीतर उतार बांधावा लागतो.

म्हणून मैत्रिणींनो, कुणी अंथरुणाला खिळलेल्या बाईला "आता वेळ आहे, काहीतरी लिही" असं म्हणालं, तर जरा थांबा. पहिल्या पंधरा दिवसांत ठणका एवढा असतो की स्वतःचं नाव लिहायला नको वाटतं. तेव्हा फक्त झोपू द्या. आणि वेळ म्हणाल तर तो आभाळातून पडत नाही. तो कुणीतरी आपल्या वाट्याचा काढून देतं. कधी आई देते, कधी नवरा, कधी पगारी बाई, आणि आपल्याकडं बहुतेक वेळा सून किंवा शाळा बुडवून घरी बसलेली मुलगी.

माझं प्लास्टर निघालं तेव्हा मी हा विषय आमच्या बचत गटाच्या बैठकीत काढला. आपल्याकडं शेतात इर्जिक असते. एकाचं रान नांगरायचं राहिलं की सगळे आपापले बैल घेऊन जातात, मग दुसऱ्याची पाळी. तशी घरकामाची इर्जिक का नको? आम्ही ठरवलं. गटातली कुणीही पडली, ऑपरेशन झालं, बाळंत झाली, की बाकीच्यांनी पाळीनं एक वेळचं पाणी आणि एक वेळच्या भाकरी करून द्यायच्या. घरातल्या पोरीची शाळा बुडू द्यायची नाही. सहा महिने झाले. दोनदा पाळी मोडली, एकदा चांगली वादावादी झाली. पण तीन घरांत पाणी पोचलं. त्यातल्या एकीनं पडून राहिल्यावर ना काही लिहिलं, ना वाचलं. पोटभर झोपली. दहा वर्षांत पहिल्यांदा, म्हणाली. तेही चांगलंच झालं.

आणि सूनबाई? तिला लिहायचा कंटाळा आहे. पण तिच्या आईचं गाव धरणात गेलंय. घर सोडताना कुठलं सामान गाडीत चढवलं, काय मागं ठेवलं, नव्या जागी पहिली चूल कुणाच्या दारात पेटली, हे सगळं तिनं आईच्या तोंडून ऐकलंय. हल्ली रात्री शेंगा फोडताना ती सांगते आणि मी लिहून घेते. तिच्या हातात शेंगा, माझ्या हातात पेन. डेअरीची वही संपली, परवा तिनंच बाजारातून नवी आणली. दोनशे पानी. म्हणाली, "आत्या, पहिल्या पानावर आईचं नाव घाला."

घातलं. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला असेल, तर आज संध्याकाळी तिच्याकडं जाल ना, तेव्हा नुसती केळी घेऊन जाऊ नका. आधी पाण्याचा हंडा भरून ठेवा. मग जवळ बसा आणि म्हणा, सांग, मी लिहिते.